तेल, वाफ आणि शनिवार-रविवार

आयुर्वेद केंद्रात किंवा निसर्गोपचार आश्रमात सहकुटुंब दोन रात्री राहायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती खोलीच्या भाड्यावरून आणि तिथे पोहायचा तलाव आहे का यावरून. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा. बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात नाजूक प्रकृतीचं माणूस कोण, आणि त्याला तिथलं काय झेपेल? रक्तदाबाची गोळी घेणारे बाबा, मधुमेह असलेल्या सासूबाई, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आत्या, सहा वर्षांचा मुलगा. यांच्या मापाने दोन दिवस बेतले तर तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांचं त्यात आपोआप भागतं. बेत धडधाकटांच्या हौशीने आखला की शनिवारी दुपारी कोणाला तरी चक्कर येते आणि उरलेली सुट्टी त्या माणसाच्या उशाशी बसून जाते.

दुसरी गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. दोन दिवसांत पंचकर्म होत नाही, जाहिरातीत कितीही ठळक अक्षरांत लिहिलेलं असो. वमन (औषधाने उलटी करवणं) किंवा विरेचन (औषधाने जुलाब करवणं) करायचं तर आधी पचन सुधारणारी औषधं, मग 3 ते 7 दिवस वाढत्या मात्रेत तूप पिणं म्हणजे स्नेहपान, मग एक ते तीन दिवस तेल आणि शेक, मग एक दिवस मुख्य कर्म, आणि त्यानंतर पेज, दाट पेज, मुगाचं कढण अशा पायऱ्यांनी 3, 5 किंवा 7 दिवसांत पूर्ण जेवणावर परत येणं. हिशोब दोन-तीन आठवड्यांचा होतो. शनिवार-रविवारी जे मिळतं ते त्यातलं पूर्वकर्म, म्हणजे अभ्यंग (अंगाला तेलाची मालिश) आणि स्वेदन (शेक-वाफेने घाम काढणं), आणि जोडीला फार तर शिरोधारा (कपाळावर तेलाची धार). यात कमीपणा काहीच नाही. अंगाला नीट तेल लागणं, घाम येणं, वेळेवर हलकं जेवण आणि रात्री साडेनऊला पाठ टेकणं एवढं जरी घरातल्या सगळ्यांना दोन दिवस मिळालं तरी ते मोठं आहे. पण कोणी दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये जुलाबाचं औषध देत असेल, तर तिथून निघावं. तयारीशिवाय दिलेलं रेचक म्हणजे नुसते जुलाब. वयस्क माणसाच्या अंगातलं पाणी आणि क्षार त्याने कमी होतात आणि घरी येताना गाडी चार ठिकाणी थांबवावी लागते.

महाराष्ट्रात या कामाच्या दोन-तीन वेगवेगळ्या परंपरा आहेत आणि जाण्याआधी त्यांतला फरक माहीत असावा. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम सुरू केलं. तिथला गाभा योगाचा आहे, आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचं काम तिथे सुरुवातीपासून झालं. पुण्यापासून सोलापूर रस्त्याने तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचन आहे. गांधीजी मार्च 1946 मध्ये तिथे आले, गावकऱ्यांवर निसर्गोपचार सुरू केले आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. माती, पाणी, उपास, साधा आहार ही तिथली परंपरा. पुण्यात स्टेशनजवळ डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, गांधीजी तिथेही राहिले होते. त्याच जागी 1986 पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. आणि तिसरा प्रकार केरळी पद्धतीच्या आयुर्वेद केंद्रांचा: लाकडी द्रोणी म्हणजे मालिशीचं खोलगट टेबल, भरपूर तेल, दोन्ही बाजूंनी दोघांनी एकाच लयीत केलेला अभ्यंग. हे प्रकार आता बऱ्याच ठिकाणी एकत्र मिळतात, पण प्रत्येक जागेचा हात एका गोष्टीवर बसलेला असतो. ती कोणती हे विचारावं आणि तीच घ्यावी. उपासासाठी नावाजलेल्या ठिकाणी जाऊन शिरोधारा मागण्यात अर्थ नाही.

फोनवर विचारण्याचे प्रश्न मोजके आहेत. किमान किती दिवस राहावं लागतं? अस्सल निसर्गोपचार आश्रम अनेकदा दोन रात्रींसाठी घेतच नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. डॉक्टर मुक्कामी असतात की आठवड्यातून एकदा येतात, आणि त्यांची पदवी काय? आयुर्वेदासाठी बीएएमएस, निसर्गोपचारासाठी बीएनवायएस हवी. बायकांना बायका आणि पुरुषांना पुरुष मालिशवाले आहेत का? तळमजल्यावर खोली मिळेल का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का? मुलांना जेवणात साधा वरणभात-पोळी मिळेल का? शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा: पहिल्या उपचाराआधी डॉक्टर तपासतात का? रक्तदाब न मोजता आणि चालू औषधांची यादी न बघता जे थेट टेबलावर झोपवतात, त्यांच्याकडे वाफ घेऊ नये.

आता वेळेचं गणित, कारण सुट्टी फसते ती बहुतेक इथेच. अभ्यंग आणि स्वेदन पोट रिकामं असताना किंवा जेवणानंतर तीन तासांनी करतात. भरल्या पोटी रक्तप्रवाह पचनाच्या कामी लागलेला असतो. त्यात अंग तापवलं की मळमळ, जडपणा, कधी उलटी. शनिवारी सकाळी आठला मुंबईहून निघालेलं कुटुंब एक्सप्रेसवेच्या गर्दीत अडकतं, फूडमॉलवर मिसळ-वडा खाऊन साडेबाराला पोहोचतं आणि लगेच जेवायला बसतं. त्याचा पहिला उपचार साडेचार-पाचला होतो. म्हणजे शनिवार गेला. शुक्रवारी संध्याकाळी आठपर्यंत पोहोचावं, मुगाची खिचडी खाऊन झोपावं, तर शनिवारची सकाळ हाताशी लागते. शुक्रवार जमतच नसेल तर शनिवारी पहाटे साडेपाचला निघावं, वाटेत केळं आणि गरम पाण्यावर राहावं.

चहाची सोय मात्र शुक्रवारी लावून चालत नाही, ती मंगळवारपासून लावावी लागते. बहुतेक आरोग्यधामांत चहा-कॉफी नसते. रोज तीन-चार कप घेणाऱ्याचा चहा एकदम तुटला की शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी ठणका कळसाला पोहोचतो आणि चिडचिड, जांभया, मळमळही होते. हिशोब मांडला तर हा काळ नेमका शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ असा येतो. मग तिथलं कोणीतरी सांगतं की शरीरातली विषं बाहेर पडताहेत. ती विषं नाहीत, कॅफिन बंद झाल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याचा तो परिणाम आहे. मंगळवारपासून रोज एक कप कमी करत शुक्रवारी सकाळी अर्ध्या कपावर यावं. तरीही डोकं दुखलंच तर अर्धा कप चहा मागून घ्यावा, त्याने उपचार वाया जात नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांना याबाबतीत उगाच ताणू नये. सत्तरीतल्या माणसाचा सकाळचा चहा काढून घेऊन त्याला आरोग्य देता येत नाही.

अभ्यंगाबद्दल थोडं सविस्तर. पूर्ण अंगाला साधारण 100 ते 150 मिली तेल पुरतं, केरळी पद्धतीत याहून जास्त. मूळ तेल बहुधा तिळाचं. सांधेदुखीला महानारायण किंवा धान्वंतरम्, उन्हाळ्यात आणि अंगात उष्णता असणाऱ्यांना क्षीरबलासारखं सौम्य किंवा खोबरेल. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करतात. थेट गॅसवर तापवलेलं तेल वरून कोमट आणि तळाशी कढत असतं, पोळण्याचे प्रकार त्यातूनच होतात. सुरुवात डोकं, कान, तळपायांपासून. लांब हाडांवर सरळ हात, सांध्यांवर गोलाकार, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि हलक्या हाताने. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांत उरकणारं केंद्र एका तासात तीन गिऱ्हाइकं बसवत असतं.

जोर म्हणजे गुण नव्हे. पाठीच्या मणक्यांवर कोपर रोवणं, मानेला झटका देऊन कट्‌कन् आवाज काढणं, हे अभ्यंगात बसत नाही. साठीनंतर हाडं विरळ झालेली असतात आणि मानेच्या रक्तवाहिनीला झटक्याने इजा होऊ शकते. मानेचा झटका नको, हे झोपण्याआधीच स्पष्ट शब्दांत सांगावं. पोटरी एकाच पायाची सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिथे मालिश अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबच्या विमानप्रवासाने आलेल्या नातेवाइकांसाठी हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं. परदेशातून सुट्टीला आलेली मंडळी उतरल्या उतरल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशा ठिकाणी नेली जातात. ताप, अपचन, जोराची सर्दी असताना तेल लावत नाहीत. आणि ज्यांचे सांधे सकाळी सुजून लाल, गरम होतात, अशा आमवाताच्या माणसाला तेलाने त्रास वाढतो. त्याला वाळूच्या पोटलीचा कोरडा शेक देतात.

सगळ्यात जास्त अपघात उपचारात होत नाहीत, उपचारानंतरच्या चार पावलांत होतात. द्रोणी तेलाने निसरडी, तळपाय तेलकट, खाली गुळगुळीत फरशी, आणि अर्धा-पाऊण तास आडवं राहिल्याने उठताना रक्तदाब खाली आलेला. उठताना आधी कुशीवर वळावं, मग दोन मिनिटं बसावं, तळपाय बेसनाने किंवा कोरड्या पंचाने पुसून घ्यावेत आणि मालिशवाल्याचा हात धरूनच उतरावं. आई-वडलांच्या वेळी घरातलं एक माणूस दाराबाहेर थांबलेलं बरं. अंघोळीला साबणाऐवजी मुगाचं किंवा हरभऱ्याचं पीठ घेतलं तर तेल निघतं आणि त्वचा कोरडी पडत नाही. त्यातही न्हाणीघरात रबरी चटई आहे का हे आधी बघावं.

तेलानंतर पंधरा-वीस मिनिटांनी वाफ. स्वेदनपेटीत डोकं बाहेर राहतं. डोक्यावर ओला पंचा, छातीवर गार ओला रुमाल, आत जाण्याआधी एक ग्लास पाणी. आठ ते बारा मिनिटं पुरेत, पहिल्यांदा घेणाऱ्याला पाचच. कपाळावर घामाचे थेंब जमले, अंग हलकं वाटलं की काम झालं. त्यानंतर आत बसून राहण्याने काही वाढीव मिळत नाही. वाफेची खोली म्हणजे स्टीम आणि सौना यांत फरक आहे. स्टीममध्ये 40 ते 50 अंश असले तरी हवेत बाष्प ठासून भरलेलं असतं, घाम वाळत नाही आणि म्हणून शरीर थंड होत नाही. सौनात 80-90 अंश असतात, पण हवा कोरडी, घाम झटकन उडतो. आकडा बघून स्टीम सौम्य समजणारी माणसं तिथेच जास्त वेळ बसतात आणि उठल्यावर भोवंडतात.

भोवंड का येते? उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं आणि उभं राहिलं की मेंदूकडे रक्त कमी पोहोचतं. रक्तदाबाच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या, हेच काम आधीपासून करत असतात. दोन्ही एकत्र आले की माणूस पेटीतून उठताच खाली बसतो. म्हणून अशा माणसाला वाफ द्यायचीच तर पाच मिनिटं, आणि उठल्यावर तिथेच खुर्चीवर. पण गोळी मनाने बंद करायची नाही. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेला असेल, हृदयाची झडप आकुंचली असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर वाफ नाहीच. पहिल्या तीन महिन्यांत शरीराचं तापमान 39 अंशांपुढे जाणं गर्भाला घातक ठरू शकतं. वेदनाशामक किंवा हृदयासाठीची औषधी पट्टी अंगाला चिकटवलेली असेल तर उष्णतेने औषध भराभर रक्तात जातं. ही गोष्ट मालिशवाल्याला दिसतेही, पण तिचा अर्थ त्याला माहीत असेलच असं नाही.

मधुमेहाचा विषय वेगळा काढायला हवा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी झालेली असते. पत्रपोटलीचा, म्हणजे निर्गुंडी-एरंडाच्या पानांच्या पुरचुंडीचा शेक किंवा गरम पायस्नान त्यांना कोमट वाटतं आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. पोटली मालिशवाल्याने आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची असते आणि तव्यावर पुन्हा गरम केल्यावर दर वेळी बघायची असते. इन्सुलिन जिथे टोचलं त्या जागेवर मालिश किंवा शेक झाला तर ते लवकर शोषलं जातं आणि साखर झपकन उतरते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन रसाहारावर राहणं हाही साखर उतरवण्याचाच रस्ता. सासूबाईंनी सकाळी साडेसातला थोडं खावं, साडेदहाला तेल घ्यावं, आणि खोलीत गूळ किंवा ग्लुकोज हाताशी असावं. कंप सुटला, दरदरून घाम आला तर तो स्वेदनाचा घाम समजून बसू नये.

शिरोधारेला दीड लिटरपर्यंत तेल लागतं. भांड्याच्या छिद्रातून धार कपाळापासून साधारण चार अंगुळं उंचीवरून पडते. याहून उंचावरून पडली तर ती टोचते, आणि हे तीस-चाळीस मिनिटं सहन होत नाही. डोळ्यांवर कापूस, कपाळावर पट्टी, तेल अंगाच्या उष्णतेइतकंच कोमट. खालच्या भांड्यात जमलेलं तेल परत वर ओततात ते त्याच माणसाचं असतं, तोवर ठीक. एकाचं तेल दुसऱ्याला वापरतात का, हा प्रश्न न संकोचता विचारावा. धारेनंतर झोपाळल्यासारखं होतं. म्हणून रविवारी जो गाडी चालवणार आहे त्याची शिरोधारा शनिवारी दुपारी ठेवावी, रविवारी सकाळी कधीच नाही. सर्दी होणाऱ्यांनी लगेच केस गार पाण्याने धुवून पंख्याखाली बसू नये. टाळूला रास्नादी चूर्ण चोळतात ते याच कारणाने.

निसर्गोपचाराच्या बाजूला गेलात तर माती आणि पाणी भेटेल. पोटावरच्या मातीच्या पट्टीसाठी जमिनीखाली तीन-चार फुटांवरची, खत-कीटकनाशक न लागलेली माती काढून उन्हात वाळवतात, चाळतात आणि रात्रभर भिजवतात. सकाळी फडक्यावर बोटभर जाडीचा थर, उपाशीपोटी, वीस ते तीस मिनिटं. थंडीत ही पट्टी बसवल्यावर वर लोकरी कापड टाकायचं असतं. ते विसरलं की हुडहुडी भरते आणि मातीला दोष जातो. जर्मनीतल्या लुई कुन्हेंनी लोकप्रिय केलेलं कटिस्नान म्हणजे टबात कंबर-पोट पाण्यात आणि पाय बाहेर कोरडे. गार पाणी 18 ते 24 अंश, दहा ते वीस मिनिटं, खरखरीत कापडाने ओटीपोट हलकेच चोळत. पाळीच्या दिवसांत, लघवीची जळजळ असताना, सायटिका ठणकत असताना हे करत नाहीत. एनिमा रोजच्या रोज देणारी ठिकाणं आहेत. बद्धकोष्ठ नसलेल्या माणसाला दोन दिवसांच्या सुट्टीत त्याची गरज मला दिसत नाही, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असेल तर तो धोक्याचाच आहे.

सकाळची जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मात्र शिकून घेण्यासारखी आहे, कारण ती घरी नेता येते. अर्धा लिटर पाण्याला सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ. रक्तातल्या क्षारांइतकं, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम. एवढं असलं की नाक चुरचुरत नाही. साध्या पाण्याने झणझणतं, आणि लोक पहिल्याच दिवशी सोडून देतात. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यात असणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. असा आजार दुर्मिळ असला तरी जवळजवळ जीवघेणाच ठरतो. केरळात अलीकडच्या वर्षांत त्याचे रुग्ण आढळले आहेत. नेती झाल्यावर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके उच्छ्वास टाकायचे. नाक दाबून शिंकरलं तर पाणी कानाकडे ढकललं जातं आणि संध्याकाळी कान दुखतो. नेतीचं भांडं प्रत्येकाचं वेगळं, घरच्या माणसांचंसुद्धा.

जेवणाबद्दल लोक तिथे गेल्यावर तक्रार करतात, मला त्याची तयारी आधी करणं जास्त पटतं. भाकरी, उकडलेल्या भाज्या, ताक, सूप, मोड आलेली कडधान्यं असं ताट असतं. कच्ची मोडाची मटकी आणि वाटीभर कोशिंबीर एकदम पोटात गेली की वयस्कांना गॅस धरतो आणि रात्री झोप लागत नाही. वाफवून मागावी. काही ठिकाणी जेवण पूर्ण अळणी असतं, आणि वर ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला. लघवीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम त्याने धोकादायक उतरू शकतं. ते बरळायला लागले, झोकांड्या जायला लागल्या तर थकवा म्हणून सोडून देऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर शहाळी आणि फळांचे रस ओळीने घेऊ नयेत, पोटॅशियम वाढतं. दुधीचा रस देणार असतील तर दुधीचा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघितलाय का हे विचारावं. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. कडवट लागला तर एक घोटही पुढे जायचं नाही.

आणि वजन. शनिवारी सकाळी आणि रविवारी दुपारी काट्यावर उभं राहिलं की किलो-दीड किलो कमी दिसतो. तो घाम, कमी मिठामुळे सुटलेलं पाणी आणि रिकामं आतडं असतं, मंगळवारपर्यंत परत येतं. घरातल्या शाळकरी मुलीला हा काटा दाखवूही नये.

मुलांना खरं तर या जागेचं एकच आकर्षण असतं, पाण्याचं. त्यांना वाफ, उपास, एनिमा, यातलं काहीही नको. लहान शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभागाचं असतं, बाहेरची उष्णता लवकर शोषतं आणि घाम मात्र मोठ्यांइतका गाळू शकत नाही. जकुझीत पाच वर्षांखालच्यांना घेऊन बसू नये. मोठ्यांसाठीही पाणी 40 अंशांच्या वर नको. मुलांना पहाटेच्या योगवर्गात ओढून नेलं की ती दिवसभर किरकिरतात. त्यांना आठला उठू द्यावं, पराठा-दूध द्यावं, झाडांखाली सोडावं. संध्याकाळी आजीने तिथल्याच कोमट तेलाने त्यांचे पाय चोळून दिले तर तो त्यांचा पुरेसा अभ्यंग.

मुलांचं नियोजन म्हटलं की खरा प्रश्न समोर येतो: उपचाराची पहिली वेळ कोणाला? वेळापत्रक केंद्राच्या हातात दिलं तर नवरा-बायकोला जोडीने एकच वेळ मिळते, आणि मुलं कोणाकडे म्हणून शेवटी बाई स्वतःची वेळ रद्द करते. मग ती दोन दिवस तिथेही तेच करत राहते. कोणी काय खाल्लं, कोणाचा टॉवेल कुठे, सासऱ्यांची गोळी झाली का. म्हणून उपचार जोडीने घेऊ नयेत, पाळीपाळीने घ्यावेत. जी रोज सगळ्यांचं करते तिला शनिवारी सकाळची पहिली वेळ, आणि त्यानंतरचे दोन तास तिला कोणी हाक मारायची नाही. तेलानंतर उन्हात न जाता, मोठ्याने न बोलता पडून राहणं हा उपचाराचाच भाग आहे. आई-वडलांची वेळ दहा-साडेदहाची, कारण तोवर गोळ्या-नाश्ता झालेला असतो, हवा तापलेली असते आणि सांधे सुटलेले असतात. चालकाची शनिवार दुपार. रविवारी सकाळी फक्त योग, चालणं आणि ज्याला हवं त्याला साधा पाय-डोक्याचा अभ्यंग. दोन दिवसांत माणशी दोन, फार तर तीन उपचार. पाच-सहा भरले की सगळा वेळ पायऱ्या चढण्यात आणि अंघोळी करण्यात जातो.

ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बघावं. तानसा नदीच्या काठचं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी मुंबईकरांना जवळ. कोकणात मुंबई-गोवा रस्त्यालगत आरवली आणि तुरळ, दापोलीकडे उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. पाण्याची उष्णता जागोजागी फार वेगळी आहे. आरवली-राजापूरचं पाणी अंगाला सोसवतं, तर तुरळ आणि उन्हवऱ्याच्या मूळ झऱ्याने काही सेकंदांत पोळू शकतं. थेट पाय न टाकता आधी तांब्यात घेऊन बघावं, आणि मुलांचा हात कुंडाच्या काठावर सोडू नये. सात-आठ मिनिटं बसावं, बाहेर यावं, पाणी प्यावं, हवं तर पुन्हा जावं. अंगावर उघडी जखम असेल तर सार्वजनिक कुंडात उतरू नये, आणि डोकं-नाक पाण्याखाली घालू नये. गंधकाने चांदी काळी पडते, तेव्हा पैंजण-जोडवी खोलीवरच ठेवावीत. पहाटे कुंड स्वच्छ आणि मोकळं मिळतं. रविवारी दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

ऋतू निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी किंवा भर पावसाळा. एप्रिल-मे महिन्यांत शरीर आधीच घामाने थकलेलं असतं, त्यात वाफ घेणं आयुर्वेदालाही मान्य नाही. त्या दिवसांत जायचंच तर मातीची पट्टी, गार कटिस्नान, संध्याकाळचं पोहणं यांवर भागवावं.

परतताना रविवारी दुपारी तिथेच जेवून तीनच्या सुमारास निघावं. वाटेत भजी-मिसळीचा मोह सगळ्यांना होतो. दोन दिवस हलकं खाल्लेल्या पोटाला ते जड जातं आणि सोमवारी सकाळी ‘तिथल्या जेवणाने पोट बिघडलं’ असं ऐकू येतं. सोमवारी दहीभात, मुगाचं वरण, आणि मंगळवारी नेहमीचं. बीपी-साखर सोमवारी एकदा घरी मोजावी.

बरोबर आणलेले तेलकट पंचे आणि कपडे बोचक्यात बांधून ठेवू नका. तेलाने भिजलेलं कापड एकावर एक दाबून, गरम जागी राहिलं तर तेलाचं ऑक्सिडीकरण होताना उष्णता साठते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. ड्रायरमध्ये वाळवलेल्या तेलकट टॉवेलांनी आगी लागल्याचे प्रकार घडलेले आहेत. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या आणि इथून तेलाच्या बाटल्या नेणाऱ्या मंडळींनी हे कायम लक्षात ठेवावं. कपडे आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबणाची पूड घालून तासभर भिजवावेत, मग धुवावेत, तेलाचा वास राहिला तर पुन्हा धुवावेत, आणि दोरीवर उन्हात वाळवावेत.